वाचकांचे प्रश्न : गाडीची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात

मागील अंकात शिकाऊ चालकांविषयी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेली पत्रे पाहता या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला देणे भाग पडले. परीक्षेचा मार्ग, गुण देण्याची रीत आणि करून दाखवायच्या कसरती ठिकठिकाणी वेगळ्या असतात. त्या ज्याने त्याने आपल्या परीक्षा कार्यालयाच्या माहितीपत्रकातून समजून घ्याव्यात. येथे उत्तरे दिली आहेत ती क्लच, आरसे, स्टिअरिंग आणि माणसाचे मन यांच्याविषयी, कारण या चार गोष्टी सर्वत्र सारख्याच वागतात.

प्रश्न : गेले दोन महिने मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकत आहे. शिकवणारे सर म्हणतात की आता परीक्षा द्यायला हरकत नाही. परंतु माझा भाऊ याच शब्दांवर विसंबून गेला आणि तिसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाला. किती तासांचा सराव झाला म्हणजे पहिल्याच प्रयत्नात यश येईल आणि तयारी झाली आहे हे आपले आपण कसे ओळखावे? – एक वाचक

उत्तर : तासांचा आकडा मी देणार नाही, कारण तो फसवा असतो. एकाने वीस तास एकाच ओळखीच्या रस्त्यावर, दिवसाच्या एकाच वेळी, एकाच शिक्षकाशेजारी बसून गाडी चालवली आणि दुसऱ्याने तेवढेच तास पावसात, अंधारात आणि अनोळखी चौकांत घालवले, तर दोघांच्या वहीत नोंद सारखीच होते. तयारी मात्र सारखी नसते. खरे मोजमाप एकच आहे, ते म्हणजे हातापायांना तुमचे लक्ष अजून लागते का. माणसाचे लक्ष मोजके असते. क्लच किती सोडला, दुसरा गिअर पडला की चौथा, इंडिकेटर बंद झाला की चालूच राहिला, या विचारांत ते खर्ची पडले की रस्त्यासाठी काही उरत नाही, आणि परीक्षक तर रस्त्याकडच्या लक्षाचीच परीक्षा घेत असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. गिअरच्या दांड्याकडे एक सेकंद मान खाली घालून पाहिले, म्हणजे तीन मोटारींच्या लांबीएवढा रस्ता न पाहताच ओलांडला.

तयारी ओळखण्यासाठी माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे बोलत बोलत गाडी चालवणे. शेजारी अनुभवी व्यक्ती बसवावी आणि जे दिसते ते मोठ्याने सांगत जावे. ‘पुढे बस थांबली आहे, तिच्या आडून कोणीतरी रस्ता ओलांडू शकेल, आरसा पाहिला, मागे एक दुचाकी आहे, वेग कमी करतो आहे, दुसरा गिअर.’ पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नाहीत किंवा बोलण्याच्या नादात गाडी गचके खाते. याचा अर्थ असा की हातापायांचे काम अजून डोक्यातूनच चालले आहे. पंधरा-वीस मिनिटे अखंड बोलता येऊ लागले आणि गाडी तुमच्या बोलण्याआधी नव्हे तर बोलण्यानंतर प्रतिसाद देऊ लागली, की तयारी झाली असे समजावे.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आपले शिक्षक कदाचित रागावतील, तरी सांगतो. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो आणि पुष्कळदा क्लचही असतो. चांगला शिक्षक गाडी बंद पडू नये किंवा कोणाला धक्का लागू नये म्हणून नकळत पाय लावतो आणि शिष्याला वाटते की आपणच गाडी इतकी अलगद थांबवली. मी शिकवत असे तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीची गाडी महिनाभरात एकदाही बंद पडली नव्हती. घरच्या गाडीत मात्र ती प्रत्येक सिग्नलला बंद पडत होती. दोष तिच्यात नव्हता, माझ्या डाव्या पायात होता. तेव्हा शेवटच्या आठवड्यात शिक्षकांना स्पष्ट विनंती करावी की त्यांनी दोन्ही पाय मागे घेऊन बसावे आणि अर्धा तास एक शब्दही बोलू नये. फक्त ‘पुढच्या चौकात वळा’, ‘कडेला थांबवा’ एवढेच सांगावे. त्या अर्ध्या तासात त्यांना किती वेळा पाय पुढे घ्यावासा वाटला, हे नंतर त्यांना प्रामाणिकपणे विचारावे. उत्तर ‘एकदाही नाही’ असे सलग तीन दिवस मिळाले तर परीक्षेचा दिनांक खुशाल घ्यावा. आपल्या भावाला हा प्रश्न कोणी विचारला नसावा, असे मला वाटते.

प्रश्न : परीक्षक मुद्दाम नापास करतात, असे सगळेच सांगतात. ते हसत नाहीत, बोलत नाहीत, नुसते कागदावर लिहीत राहतात. त्यांना नेमके काय हवे असते? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : क्षणभर त्यांच्या जागी बसून पाहा. दिवसभर एकामागून एक अनोळखी माणसे येतात, त्यांतील प्रत्येक जण घाबरलेला असतो आणि परीक्षकाला त्याच्या शेजारच्या आसनावर बसून रहदारीत जायचे असते. ब्रिटनमध्ये १ जून १९३५ पासून ही परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा तर परीक्षा केंद्रेही नव्हती. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्थानक, टपाल कार्यालय किंवा नगरभवन अशा ठरलेल्या ठिकाणी भेटत आणि तेथूनच त्याच्या गाडीत चढत. काळ बदलला तरी त्या आसनावर बसणाऱ्याला हवे असते ते एकच : पुढच्या क्षणी ही व्यक्ती काय करणार आहे, हे आपल्याला आधी कळावे. ज्या चालकाच्या बाबतीत ते कळते त्याच्याशेजारी माणूस सैलावतो. ज्याच्या बाबतीत कळत नाही त्याच्याशेजारी पायाची बोटे आपोआप आवळली जातात. सफाई, वेग, एका हाताने स्टिअरिंग फिरवण्याची लकब यांना परीक्षेत शून्य किंमत आहे. उलट या गोष्टी पाहून परीक्षक अधिक सावध होतो.

परीक्षकाच्या मौनाचा अर्थ लावत बसू नये. तो बोलत नाही याचे कारण तुमचे लक्ष विचलित होऊ नये हे असते. आणि पेन हलले म्हणजे चूकच लिहिली असेही नाही. त्याने सांगितलेली दिशा कळली नाही तर निःसंकोच पुन्हा विचारावी. उजवीकडे सांगितले असताना तुम्ही डावीकडे वळलात, पण आरसा पाहून, इशारा देऊन आणि योग्य ओळीतून वळलात, तर ती सहसा मोठी चूक धरली जात नाही. चूक होते ती अर्ध्या वळणात गोंधळून गाडी पुन्हा सरळ ओढण्यात. वाट चुकली तर चुकलेली वाट नीट पूर्ण करावी.

प्रश्न : सपाट रस्त्यावर मी बऱ्यापैकी चालवते, परंतु चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी एक तर बंद पडते, नाहीतर मागे घरंगळते. मागे कोणी येऊन उभे राहिले की हातपाय गळून जातात. परीक्षेत चढाचा रस्ता आला तर? – एक गृहिणी

उत्तर : तो येणारच आहे असे धरून चाला, कारण क्लचवरची पकड पाहण्यासाठी चढासारखी दुसरी जागा नाही. आधी आत काय घडते ते समजून घेऊ, कारण शिकवताना नेमका हाच भाग घाईने उरकला जातो. इंजिनाबरोबर फिरणारी एक जड चकती असते आणि चाकांकडे जाणारी दुसरी. क्लच दाबला की दोघींत फट पडते. सोडू लागलो की त्या एकमेकींना घासू लागतात आणि पूर्ण सोडला की घट्ट चिकटून एकत्र फिरतात. सगळी कला त्या घासण्याच्या टप्प्यात आहे. त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. गाडी बंद पडते ती हा टप्पा घाईने ओलांडला म्हणून आणि घरंगळते ती या टप्प्याला पोहोचण्याआधीच ब्रेक सोडला म्हणून. म्हणजे आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

हा टप्पा डोळ्यांनी दिसत नाही. परंतु गाडी तो तीन प्रकारे सांगते. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, जणू कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आहे. स्टिअरिंगवरच्या बोटांना बारीक थरथर जाणवते. आणि हँडब्रेक ओढलेला असेल तर बॉनेट अगदी बोटभर वर उचलल्यासारखे वाटते, कारण गाडी निघू पाहते आणि ब्रेक तिला मागे धरून ठेवतो. या तीनपैकी एक जरी खूण मिळाली तरी पाय आहे तेथेच थांबवावा. ‘आहे तेथेच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. बहुतेक जण खूण मिळाल्याच्या आनंदात क्लच सोडून देतात.

आता क्रम असा. गाडी चढावर थांबली, हँडब्रेक पूर्ण ओढला, पहिला गिअर टाकला. थोडी रेस द्यावी. आवाज स्थिर गुणगुणल्यासारखा राहावा, किंचाळू नये. क्लच हळूहळू वर आणून खूण मिळताच पाय रोखावा. आरसे पाहावेत, खांद्यावरून नजर टाकावी आणि मगच हँडब्रेक खाली सोडावा. गाडी जागेवर उभी राहील किंवा मुंगीच्या पावलाने पुढे सरकेल. मागे जाणार नाही. मागे जाऊ लागलीच तर क्लच खाली दाबू नये, कारण दाबला की ती अधिक वेगाने घरंगळते. ब्रेक दाबून थांबवावी आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. काही नव्या गाड्यांत ब्रेकवरचा पाय काढल्यानंतरही ती दोन-एक सेकंद धरून ठेवण्याची सोय असते. सोय चांगली आहे. परंतु परीक्षेची गाडी दुसरी असेल तर तिच्या भरवशावर राहू नये.

सरावासाठी चढ शोधत फिरण्याचीही सुरुवातीला गरज नाही. मोकळ्या, सपाट जागेवर रेस अजिबात न देता केवळ क्लच सोडून गाडी निघेल असे पाहावे, दोन हात पुढे नेऊन थांबवावी, पुन्हा निघावे. असे रोज वीस वेळा केले की आठवड्याभरात पायाच्या चवड्याला ती जागा पाठ होते. जाड तळव्याचे बूट मात्र घालू नयेत. त्यांतून खालची थरथर कळत नाही. आणि परीक्षेत गाडी बंद पडलीच तर आधी ब्रेक, मग क्लच, मग न्यूट्रल, मग चावी. परीक्षक बंद पडलेल्या गाडीपेक्षा तिच्यानंतरची तुमची दहा सेकंदे पाहत असतो. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी त्याला तुमचे गुण द्यायचे नसतात.

प्रश्न : मी प्रत्येक वळणाआधी आरसे पाहिले होते, याची मला शंभर टक्के खात्री आहे. तरीही कागदावर ‘निरीक्षण अपुरे’ असा शेरा मिळाला. हा अन्याय नाही का? – एक नापास झालेला वाचक

उत्तर : अन्याय असेल किंवा नसेल, परंतु तीन शक्यता तपासून पाहा. पहिली अशी की तुम्ही फक्त डोळ्यांची बाहुली फिरवली आणि मान हलवलीच नाही. शेजारी बसलेल्या माणसाला बाहुली दिसत नाही. मान थोडी वळू द्यावी. नाटकी झटके देण्याची मात्र गरज नाही, त्यांनी परीक्षकाची करमणूक होते, खात्री होत नाही.

दुसरी शक्यता क्रमाची आहे आणि माझ्या अनुभवात बहुतेकांची गाडी येथेच अडते. इंडिकेटर लावून मग आरशात पाहणारे पुष्कळ असतात. वाहन वळवायचे हे मनात ठरले, इशारा दिला आणि मग मागे कोणी आहे का ते पाहिले, असा हा प्रकार आहे. दुकानाचे शटर खाली ओढल्यानंतर आत कोणी राहिले का ते पाहण्यासारखेच ते झाले. आधी आतला आरसा, मग ज्या बाजूला जायचे त्या बाजूचा आरसा, मग इशारा, मग त्याच बाजूच्या खांद्यावरून एक नजर आणि शेवटी स्टिअरिंग. वेग वाढवताना, कमी करताना, कडेला थांबताना आणि कडेवरून निघतानाही आरसा आधी येतो. तुम्ही केवळ वळणांचा उल्लेख केला आहे, म्हणून शंका येते की ब्रेक दाबण्यापूर्वी आतला आरसा पाहण्याची सवय लागलेली नसावी.

तिसरी शक्यता ब्लाइंड स्पॉटची. आरशांत न दिसणारी जागा प्रत्येक गाडीला असते. गाडी उभी करून चालकाच्या आसनावर बसा आणि घरातील कोणाला तरी गाडीच्या मागून पुढे, एका हाताच्या अंतरावरून, सावकाश चालत यायला सांगा. एका ठिकाणी ती व्यक्ती बाजूच्या आरशातून नाहीशी होते आणि तरीही खिडकीत दिसत नाही. त्या दोन-तीन पावलांच्या अंतरात एक अख्खी दुचाकी मावते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की खांद्यावरून नजर टाकायला कोणाला सांगावे लागत नाही. आणखी एक बारकावा : बाजूचे आरसे पुष्कळ गाड्यांत किंचित फुगीर असतात, त्यामुळे मागचे वाहन त्यांत आहे त्यापेक्षा लहान आणि दूर दिसते. आतला आरसा सपाट असतो. अंतर नेहमी आतल्या आरशावरून ठरवावे.

प्रश्न : सगळा वेळ अगदी हळू गाडी चालवली तर चूक होण्याचा संभवच उरत नाही. ही युक्ती कशी आहे? – एक सावध वाचक

उत्तर : युक्ती अर्धी बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी नापास करतात. मोकळ्या रस्त्यावर विनाकारण रेंगाळणे, वळण्यासाठी पुरेशी मोकळीक असताना चौकात उभे राहणे, मागची रांग वाढवत नेणे, या सर्वांची नोंद होते, कारण असा चालक इतरांना चुकीच्या जागी ओव्हरटेक करायला भाग पाडतो. वेग परिस्थितीला साजेसा असावा, एवढाच नियम आहे.

मात्र तुमच्या सावधपणाला गणिताचा आधार आहे, हेही मान्य करतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरले आणि कोरडा, चांगला रस्ता धरला, तर ताशी ३० किलोमीटरला गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे १३ मीटर जागा लागते आणि ५० ला सुमारे २८. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. म्हणून शाळा, रस्ता ओलांडण्याची जागा किंवा उभ्या वाहनांची रांग यांजवळ वेग उतरवणे हे घाबरटपणाचे नव्हे, समजूतदारपणाचे लक्षण आहे, आणि परीक्षकाला ते तसेच दिसते. पुढच्या वाहनामागे किती अंतर ठेवावे याचा अंदाज मीटरमध्ये लावत बसू नये. ते वाहन एखादा खांब ओलांडेल तेव्हा मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणावे. तुम्ही त्या खांबाशी त्याआधी पोहोचलात तर फार जवळ आहात. रस्ता ओला असेल तर चारपर्यंत मोजावे.

प्रश्न : रिव्हर्समध्ये गाडी आखलेल्या पट्ट्यांच्या आत ठेवणे मला अजिबात जमत नाही. शिक्षकांनी मागच्या काचेवर एक खूण चिकटवून दिली आहे, तिच्यावरून स्टिअरिंग फिरवतो. ते परीक्षेत चालेल का? – एक वाचक

उत्तर : शिक्षकांच्या गाडीत परीक्षा असेल तर चालेल, आसनाची उंची रोजचीच असेल तर चालेल, परीक्षकाने गाडी पट्टीपासून वीतभर अलीकडे उभी करायला सांगितली नाही तर चालेल. इतक्या ‘तर’वर मी तरी अवलंबून राहणार नाही. खूण वाईट नाही, पण ती सुरुवातीची कुबडी आहे.

मागे जाताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, वळणारी चाके पुढची असतात, त्यामुळे गाडीचा मागचा भाग आत शिरत असताना नाक विरुद्ध बाजूला बाहेर झेपावते. सगळे डोळे मागे लावून बसलेल्या माणसाचा पुढचा कोपरा पट्टीवर जातो तो यामुळेच. दोन, गाडी जितकी हळू तितके स्टिअरिंग समर्थ. क्लचवर ती अक्षरशः सरपटत असेल तर एका हाताच्या अंतरात चाके पूर्ण वळवता येतात. चालण्याच्या वेगाने मागे आलात तर तेच वळवायला दीड गाडीची जागा लागते. आठच्या आकड्याचा मार्ग असो, इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचा असो की दोन गाड्यांच्या मधली जागा असो, हळू जाण्याचे गुण कापत नाहीत. पट्ट्यांवर सेन्सर बसवलेले असतील तर त्यांना वेळेपेक्षा स्पर्श अधिक कळतो. तेथे वेळेची मर्यादा असेल तर ती आधी माहीत करून घ्यावी. थांबणे आणि एकदा पुढे घेऊन दुरुस्ती करणे पुष्कळ ठिकाणी चालते. ते आपल्याकडे चालते का, हेही आधीच विचारावे. आणि मुख्य नजर मागच्या काचेतून बाहेर असावी. आरसे किंवा कॅमेऱ्याचा पडदा हे तिचे मदतनीस आहेत.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. घरी सगळे म्हणतात की मी चांगली चालवते. परंतु परीक्षेच्या नुसत्या कल्पनेने क्लचवरचा पाय थरथरू लागतो. मागच्या वेळी परीक्षा रद्द करून परत आले. काय करावे? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी पायाचे बोलू, कारण तो भाग सोपा आहे. पाय थरथरतो त्याचे निम्मे कारण भीती असते आणि निम्मे कारण आसन. आसन फार मागे असेल तर क्लच दाबून धरताना पाय जवळजवळ अधांतरी ताणलेला राहतो आणि ताणलेला स्नायू काही वेळाने थरथरतोच, मन कितीही खंबीर असो. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्यावे. हाफ क्लचच्या वेळी टाच जमिनीला टेकवता आली तर पाहावे. सिग्नलला गाडी उभी राहिली की हँडब्रेक, न्यूट्रल आणि पाय खाली. क्लच दाबून हिरव्या दिव्याची वाट पाहत बसू नये.

मनाच्या बाबतीत मला अधिकाराने एकच गोष्ट सांगता येईल, आणि तो अधिकार नापास होण्याचा आहे. पहिल्याच प्रयत्नात कसे उत्तीर्ण व्हावे हे सांगणारा हा स्तंभलेखक स्वतः पहिल्या प्रयत्नात नापास झाला होता. एका चौकातून निघताना मी पहिल्याऐवजी तिसरा गिअर टाकला. गाडीने दोन आचके दिले, पण ती बंद पडली नाही. चूक किरकोळ होती. परंतु ‘आता संपले, यांनी लिहिले असणार’ हा विचार घोळवत मी पुढचा रस्ता कापला आणि पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल ठेवलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी पाहिलेच नाही. ब्रेक माझ्याऐवजी परीक्षकाने दाबला. नंतर कळले की गिअरच्या चुकीसाठी एक साधी फुली होती आणि तेवढ्यावर मी सहज उत्तीर्ण झालो असतो. बहुतेक ठिकाणी लहान चुकांना जागा ठेवलेली असते. ब्रिटनच्या परीक्षेत तर अशा १५ चुकांपर्यंत उमेदवार उत्तीर्ण होऊ शकतो, गंभीर चूक मात्र एकही चालत नाही. म्हणजे आपल्या हिशेबाने झालेली चूक ही पुष्कळदा परीक्षकाच्या हिशेबाने घडलेलीच नसते. चूक झाली की लगेच मनात पुढच्या तीन गोष्टींची नावे घ्यावीत : समोरचे वाहन, आतला आरसा, पुढची पाटी. मन एका वेळी एकच काम करते, तेव्हा त्याला काम द्यावे.

परीक्षेच्या दिवशी गाडीत बसल्यावर लगेच चावी फिरवू नये. आसन, पाठ, डोक्यामागचा टेकू, तिन्ही आरसे, पट्टा, हँडब्रेक, गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, हे सर्व याच क्रमाने आणि सावकाश पाहावे. तपासणी तर होतेच. शिवाय या अर्ध्या मिनिटात, श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावला तर, छातीतली धडधड लक्षात येण्याइतकी उतरते. आदल्या दिवशी घरच्या मंडळींना परीक्षेची वेळ सांगू नये, असेही सुचवतो. ‘काय झाले’ असे विचारणारे फोन जितके कमी तितका पाय स्थिर.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर सोपे जाईल का? – एक वाचक

उत्तर : हो, निश्चितच सोपे जाईल, क्लच आणि गिअर ही अर्धी डोकेदुखी उरत नाही. परंतु काही देशांत अशा परीक्षेनंतर मिळणारा परवाना केवळ ऑटोमॅटिक गाड्यांपुरताच असतो. आपल्याकडचा नियम वाचून मग ठरवावे. आणि अशी गाडी घेतलीच तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांवर एकच पाय, उजवा, फिरवण्याची सवय ठेवावी. डावा पाय स्वस्थ बसू द्यावा.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीची संपूर्ण परीक्षा निर्दोष झाली, असे परीक्षकांनी स्वतः सांगितले, तरीही ती शेवटी नापास झाली. असे होऊ शकते का? – एक वाचक

उत्तर : होऊ शकते आणि बहुधा काय झाले असेल त्याचा अंदाज करता येतो. ‘गाडी कडेला घ्या, परीक्षा संपली’ हे शब्द ऐकताच माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि आरसा न पाहता कडेला घेतो, किंवा गाडी गिअरमध्ये असतानाच क्लच सोडतो, किंवा, हे सर्वांत जास्त वेळा घडते, दार उघडतो. मागून सायकलवाला येत असेल तर ते दार म्हणजे त्याच्यासमोर अचानक उभी राहिलेली भिंत असते. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आरसा पाहिलेला आणि मग दाराच्या जवळचा हात न वापरता लांबचा हात वापरून दार उघडायचे. लांबचा हात पुढे आणताना खांदा आपोआप वळतो आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. आपल्या मैत्रिणीने आजच, उभ्या गाडीत, हे दहा वेळा करून पाहावे.